पाळीव बोआ: खायला कसं घालायचं, हातात कसं घ्यायचं

नव्याने बोआ आणलेल्या माणसाचे प्रश्न ठरलेले असतात. "हा खात का नाही?" आणि "हा चावेल का?" उत्तर देण्याआधी मी त्यालाच तीन गोष्टी विचारतो. साप घरी येऊन किती दिवस झाले, पेटीतलं तापमान किती आहे, आणि शेवटचं खाणं कधी आणि केवढं दिलं होतं. बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं. बोआचं पचन संथ, वाढ संथ, आणि माणसाची सवय व्हायलाही त्याला वेळ लागतो. घाई आपल्याला असते. रोज वाटी भरायची सवय असलेल्या माणसाला तीन आठवडे न जेवलेला प्राणी बघवत नाही, म्हणून तो एक उंदीर जास्त देतो आणि तिथून अडचणी सुरू होतात.

बहुतेकांच्या घरात असतो तो बोआ इम्पेरेटर, म्हणजे मूळचा मेक्सिको, मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेच्या वायव्य टोकाकडचा. दक्षिण अमेरिकेतला बोआ कन्स्ट्रिक्टर त्याचाच थोराड भाऊ. दोघेही बिनविषारी. इम्पेरेटरचे नर साधारण दीड ते दोन मीटर वाढतात, माद्या दोन ते अडीच मीटर. दक्षिणेकडच्या माद्या तीन मीटरपर्यंतही जातात. बेटांवरच्या काही जाती मात्र बुटक्याच राहतात. आयुष्य वीस ते तीस वर्षांचं. फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातला एक बोआ चाळिशी ओलांडून १९७७ मध्ये गेला. आज विशीत असाल, तर हा साप तुमच्या पन्नाशीतही सोबत असू शकतो, हे धरूनच निर्णय घ्या.

१. साप आणण्याआधी: कागद आणि सामान

बोआ हा साइटीस, म्हणजे वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या करारातल्या, दुसऱ्या परिशिष्टातला प्राणी आहे. अर्जेंटिनाकडची उपजाती तर पहिल्या परिशिष्टात, म्हणजे अधिक कडक बंधनांत येते. देशांच्या सीमा ओलांडून त्याची ने-आण करायची तर परवाना लागतो. घरात ठेवण्यासाठी काय लागतं, हे प्रत्येक देशात वेगळं आहे. कुठे नोंदणी, कुठे परवाना, कुठे सरळ बंदी. विक्रेता "सगळं कायदेशीर आहे" असं म्हणाला म्हणून ते कायदेशीर होत नाही. आपल्या भागातल्या वन्यजीव खात्याचा नियम स्वतः वाचा आणि मगच पैसे द्या.

विक्रेत्याकडून हे मागून घ्या:

- खरेदीची पावती. तिच्यावर साप बंदिस्त प्रजननातून जन्मलेला असल्याचा स्पष्ट उल्लेख हवा
- साप परदेशातून आला असेल तर त्याच्या परवान्याची प्रत
- जन्मतारीख, निदान जन्माचा महिना
- खाण्याची नोंद: काय खातो, जिवंत की गोठवलेलं, शेवटचं कधी खाल्लं, शेवटची कात कधी टाकली
- आयबीडी या विषाणूजन्य आजाराची चाचणी झाली असेल तर तिचा निकाल

खाण्याची नोंद नसेल, तर साप कितीही देखणा असो, मी तो घेणार नाही. रंगाच्या मोहात लोक ज्या चुका करतात त्यांत ही सगळ्यांत महागात पडते. "परवाच खाल्लं" हे तोंडी उत्तर पुरेसं नाही. निदान तीन-चार वेळा गोठवलेलं खाणं घेतलेलं पिल्लूच घ्या.

सामान असं: कुलूप लागणारी पेटी, उष्णतेची सोय, थर्मोस्टॅट, दोन डिजिटल थर्मामीटर, एक आर्द्रतामापक, दुरून तापमान मोजणारी इन्फ्रारेड थर्मामीटर-गन, लपायच्या दोन जागा, अख्खा साप बसेल एवढं पाण्याचं भांडं, निदान तीस सेंटिमीटरचा चिमटा, सापाचा हुक, ग्रॅममध्ये मोजणारा वजनकाटा आणि एक वही. यातला थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेलं तापमान राखणारं यंत्र, अजिबात टाळू नका. हीटर थेट प्लगला जोडलेला असला की साप भाजतो. बोआ खूप गरम झालेल्या जागेवरही पडून राहतो, आपोआप बाजूला होईल यावर विसंबू नका. दगडाच्या आकाराचे विजेवर तापणारे 'हीट रॉक' दुकानात दिसले तरी घेऊ नका, तेही याच कारणासाठी.

२. आधी पेटी, मग साप

खायला घालण्याच्या लेखात पेटीचं काय काम, असं वाटेल. पण सापाचं पोट बाहेरच्या उबेवर चालतं. ऊब कमी पडली की पोटातला उंदीर पचण्याऐवजी कुजू लागतो आणि शेवटी उलटून बाहेर येतो.

पेटीचं एक टोक गरम आणि दुसरं थंड हवं. गरम बाजूला ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, थंड बाजूला २५ ते २७. रात्री थोडं उतरलं तरी चालतं, पण २४ च्या खाली सहसा जाऊ देऊ नका. आर्द्रता ५५ ते ७० टक्क्यांच्या दरम्यान ठेवा. लपायची एक जागा गरम टोकाला, एक थंड टोकाला. एकच ठेवली तर साप ऊब आणि सुरक्षितता यांतलं एकच निवडतो, आणि जवळजवळ नेहमीच सुरक्षितता निवडतो. मग तो थंड कोपऱ्यात पडून राहतो आणि आपण "खात नाही" म्हणून डोकं धरतो.

साप येण्याच्या आठवडाभर आधी पेटी चालू करा आणि रोज सकाळ-संध्याकाळ आकडे वहीत लिहा. ते स्थिर झाले की साप आणा. पेटीचं झाकण किंवा दार स्वतः ढकलून पाहा. पिल्लू बोटभर फटीतूनही जातं. मोठा बोआ फट शोधत बसत नाही, जोर लावतो.

घरात दुसरे साप असतील तर नवीन बोआ वेगळ्या खोलीत ठेवा, निदान तीन महिने, जमल्यास सहा. त्याचे चिमटे, भांडी, हुक, सगळं वेगळं. त्याला हात लावल्यावर जुन्या सापांकडे जायचं नाही, आधी जुन्यांचं काम उरकून शेवटी नव्याकडे यायचं. खवल्यांच्या कडांना, डोळ्यांभोवती आणि पाण्याच्या भांड्यात काळे ठिपके हलताना दिसले, तर ते सापाचे माइट्स आहेत. ते रक्त पितात आणि एका सापाचा आजार दुसऱ्याकडे पोचवू शकतात.

३. पहिला आठवडा-दहा दिवस: बघा, हात लावू नका

हा सगळ्यांत छोटा टप्पा आणि सगळ्यांत जास्त मोडला जाणारा. पाणी बदला, घाण काढा, तापमान बघा, पेटी बंद करा. पाहुण्यांना दाखवायला काढू नका, फोटोसाठी काढू नका. पेटीच्या दोन बाजू कागदाने झाकल्या तर भित्रं पिल्लू लवकर स्थिरावतं.

सात ते दहा दिवसांनी पहिलं खाणं. तेही विक्रेता जे माप द्यायचा त्यापेक्षा एक माप लहान. त्याने ते खाल्लं आणि पचवलं, तर पुढच्या वेळी नेहमीचं माप.

४. काय, केवढं, किती दिवसांनी

काय, याचं उत्तर सोपं आहे: उंदीर. पिल्लांना लहान उंदीर, मोठं होता होता रॅट, म्हणजे मोठ्या जातीचे पांढरे उंदीर. पूर्ण प्राणी द्यायचा, म्हणजे हाडं, यकृत, आतडी सगळं पोटात जातं आणि वेगळ्या पूरक गोळ्या-पावडरींची गरज पडत नाही. चिकनचे तुकडे, अंडी, मटण यांवर बोआ जगत नाही. उंदीर द्यायला मन धजावत नसेल, तर हा प्राणी आपल्यासाठी नाही. त्यात कमीपणा काही नाही.

केवढं, इथे खरी चूक होते. बोआचा जबडा डोक्याच्या कितीतरी पट मोठं भक्ष्य गिळू शकतो, आणि तो गिळतो म्हणून आपण देतो. पण गिळता येणं आणि पचवता येणं वेगळं. उंदराची जाडी सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाएवढी किंवा त्याहून थोडी कमी असावी. खाल्ल्यावर पोटाजवळ हलका फुगवटा दिसला की माप बरोबर. ढळढळीत गोळा दिसला तर जास्त झालं.

त्यापेक्षा वजनाचा हिशेब पक्का. लहान पिल्लाला त्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत, मोठ्याला पाच टक्क्यांच्या आसपास. दोनशे ग्रॅमच्या पिल्लाला पंधरा ते वीस ग्रॅमचा उंदीर पुरतो. चार किलोच्या मादीला दोनशे ग्रॅमचा रॅट पुरे होतो, मग ती कितीही आशाळभूतपणे काचेला नाक लावून बसो.

किती दिवसांनी:

- पहिलं वर्ष: दर १० ते १४ दिवसांनी
- दुसरं-तिसरं वर्ष: दर दोन ते तीन आठवड्यांनी
- पूर्ण वाढ झाल्यावर: दर तीन ते सहा आठवड्यांनी

हे आकडे बघून अनेकांना साप उपाशी मरेल असं वाटतं. मरत नाही. दर पाच दिवसांनी खाऊ घालून दोन वर्षांत सहा फुटी केलेले बोआ दिसायला रुबाबदार असतात खरे, पण आत यकृताभोवती चरबी साठलेली असते. निरोगी बोआचं शरीर पूर्ण गोल नसतं. कडा बोथट केलेल्या चौकोनासारखं असतं, पाठीवर कणा हलकेच जाणवतो. शरीर नळीसारखं गोल झालं, शेपटीकडे चरबीचे वळ दिसू लागले, साप वळताना बाजूला घड्या पडू लागल्या, की खाणं लांबवा. पाठीचा कणा सुरीच्या धारेसारखा वर आला असेल, तर उलट बाजूची काळजी करा.

पिल्लाचं वजन महिन्यातून एकदा, मोठ्याचं दोन महिन्यांतून एकदा करा. नेहमी खाण्याच्या आधी.

५. गोठवलेला उंदीर कसा द्यायचा

जिवंत उंदीर देऊ नका. उंदीर चावतो, आणि अडचणीत सापडलेला रॅट सापाचा डोळा किंवा पाठ कुरतडू शकतो. शिवाय त्या उंदराचे हालही होतात. "जिवंत शिकार नैसर्गिक आहे" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगेन, की जंगलात सापाला पळायला जागा असते आणि उंदरालाही. पेटीत दोघांनाही नसते.

क) आदल्या रात्री गोठवलेला उंदीर हवाबंद पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. साठा वेगळ्या डब्यात असू द्या, माणसांच्या खाण्यात मिसळलेला नको.

ख) दुसऱ्या दिवशी पिशवीसकट कोमट, मग जरा गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटं. उकळतं पाणी नको, त्याने बाहेरचं शिजतं आणि पोट फुटतं. मायक्रोवेव्ह तर मुळीच नको. पोट दाबून बघा, आत कडक गाठ लागली तर अजून गोठलेलं आहे.

ग) कागदाने कोरडा करा. थर्मामीटर-गनने डोक्याचं तापमान बघा, ३८ ते ४० अंशांच्या आसपास हवं. अजगराच्या ओठांवर उष्णता टिपणारे खळगे दिसतात तसे बोआला नसतात, पण त्याच्या ओठांच्या खवल्यांतही उष्णता जाणवते. थंड उंदराकडे तो ढुंकून बघत नाही, याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं.

घ) दिवे मंद करा. चिमट्याने उंदीर कमरेपाशी पकडा, डोकं सापाकडे. थेट तोंडावर नेऊ नका, थोडं बाजूने चालल्यासारखं न्या. हाताने कधीही नाही, एकदाही नाही.

च) सापाने पकडून विळखा घातला की लगेच चिमटा सोडून मागे होऊ नका. उंदराचं शेपूट हलकेच दोन-चारदा हलवा. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण त्याला कारण आहे. बोआ भक्ष्याचा श्वास कोंडून मारतो असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं, की विळखा पडल्यावर काही सेकंदांतच भक्ष्याचं रक्ताभिसरण कोसळतं. रक्तदाब पडतो आणि हृदयाची लय बिघडते. त्याआधी २०१२ मध्ये त्याच संशोधकांनी मेलेल्या उंदरांत कृत्रिम धडधड बसवून पाहिली होती. धडधड चालू असेतो बोआ जास्त जोराने आणि जास्त वेळ आवळत होते, ती थांबली की सैल सोडत होते. म्हणजे विळख्यातल्या सापाला आतली हालचाल कळते. गोठवलेल्या उंदरात ती नसते, म्हणून काही साप गोंधळून त्याला तसाच टाकतात. थोडंसं हलवलं की पुढचं काम तो स्वतः करतो, शिवाय त्याच्या स्नायूंना व्यायामही होतो.

छ) गिळताना खोलीतून बाहेर जा. तासाभराने बघा. खाल्लं नसेल तर रात्रभर ठेवून सकाळी फेकून द्या. एकदा वितळलेला उंदीर परत गोठवायचा नाही.

खायला वेगळ्या डब्यात काढावं की पेटीतच द्यावं, यावर जुने पाळणारे अजून भांडतात. मी पेटीतच देतो. डब्यात घालायला एकदा आणि खाऊन झाल्यावर, अजून भुकेच्या तंद्रीत असलेल्या सापाला परत ठेवायला एकदा, असं दोनदा उचलणं म्हणजे चावा आणि उलटी दोन्हींना निमंत्रण. "पेटीत खायला घातलं की पेटी उघडणारा प्रत्येक हात त्याला अन्न वाटतो" हा आक्षेप खरा आहे, पण त्यावर उपाय पुढे हाताळण्याच्या टप्प्यात आहे.

एकाहून जास्त बोआ असतील तर एका पेटीत एकच. एक उंदीर दोघांनी दोन टोकांनी पकडला की गिळताना पुढे दुसऱ्या सापाचं डोकं येतं, आणि साप थांबत नाही.

६. खाल्लं नाही तर

पहिल्यांदा नाही खाल्लं, तर उद्या परत देऊ नका. दहा दिवस थांबा. रोज उंदीर नाचवण्याने साप जास्त बिथरतो.

मधल्या काळात एकेक गोष्ट तपासा. डोळे निळसर-धुरकट झालेत का? मग कात टाकायची वेळ आली आहे, या काळात बहुतेक बोआ खात नाहीत. गरम बाजू खरंच गरम आहे का, की थर्मामीटर वर चिकटवलाय आणि साप खाली आहे? पेटी माणसांच्या येण्या-जाण्याच्या वाटेवर आहे का? तुम्ही आठवड्यात त्याला किती वेळा काढलं? प्रौढ नर असेल तर दिवस लहान होऊ लागल्यावर त्याचं मन खाण्यात नसतं. तो महिनोन्‌महिने उपाशी राहतो आणि त्याला काही होत नाही. गाभण मादीही खाणं सोडते. बोआ अंडी घालत नाही, थेट पिल्लं देतो, त्यामुळे ती गाभण आहे हे पहिल्यांदा पाळणाऱ्याच्या लक्षात उशिरा येतं.

या सगळ्यात वजनकाटा तुमच्या बाजूने उभा राहतो. तीन महिने न खाल्लेल्या प्रौढाचं वजन जवळपास तेवढंच असेल तर निवांत राहा. दहा टक्क्यांच्या पुढे घटलं, किंवा लहान पिल्लू चार-पाच वेळा ओळीने नाही म्हणालं, तर डॉक्टर. जबरदस्तीने तोंड उघडून उंदीर कोंबणे हा घरी करायचा उपाय नाही.

७. उलटी झाली तर

इथे जरा थांबून सांगतो, कारण बोआच्या बाबतीत हा टप्पा जिवावरचा आहे. लहान बोआ सलग दोन-तीन उलट्यांत हातचा जातो.

उलटीची कारणं साधारण चार: माप मोठं, ऊब कमी, खाल्ल्यावर लगेच उचललेला साप, किंवा आजार. उलटीबरोबर पोटातलं आम्ल आणि पाचक रस बाहेर पडतात, अन्ननलिका सोलवटते, अंगातलं पाणी जातं. ते सगळं परत भरून यायला वेळ लागतो. आपल्या मनात मात्र पहिला विचार येतो तो "बिचाऱ्याचं पोट रिकामं झालं, लगेच काहीतरी देऊ" असा. तेच करायचं नाही.

उलटलेलं काढून टाका, पेटी स्वच्छ करा, ताजं पाणी ठेवा. तापमान थर्मामीटर-गनने नव्याने मोजा. निदान दोन आठवडे, शक्यतो तीन, काहीही खायला देऊ नका आणि सापाला हात लावू नका. मग नेहमीच्या मापाच्या निम्म्याने लहान उंदीर द्या. तो टिकला तर पुढची दोन-तीन खाणीही लहानच द्या आणि हळूहळू मूळ मापावर या. दुसऱ्यांदा उलटी झाली तर घरचे प्रयोग बंद. सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला डॉक्टर गाठा.

८. हातात घ्यायला सुरुवात

ओळीने तीन वेळा खाऊन पचवलं, की हातात घ्यायला हरकत नाही. तोपर्यंत थांबलात तर पुढचं सगळं सोपं जातं.

कधी घ्यायचं नाही, हे आधी: खाल्ल्यानंतर निदान ४८ तास, मोठं खाणं असेल तर तीन-चार दिवस. डोळे निळसर असताना नाही, त्याला धड दिसत नसतं आणि तो दचकतो. उंदीर हाताळल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय नाही. ससा, हॅमस्टर, पक्षी घरात असतील तर त्यांना खेळवून आल्यावरही नाही.

आता तो मघाचा उपाय. पेटी उघडल्यावर थेट हात घालू नका. आधी हुकने सापाच्या अंगाला मधोमध हलकेच स्पर्श करा, एक-दोनदा घासा. लहान पिल्लासाठी गुंडाळलेला कागदही चालतो. खायला घालताना हा स्पर्श कधीच करायचा नाही. काही महिन्यांत सापाला फरक कळतो: हुक लागला म्हणजे खाणं नाही. पेटी उघडताच मानेचा इंग्रजी एस करून रोखून बघणारा बोआ हुक लागल्यावर सैल होतो, जीभ शांतपणे आत-बाहेर करू लागतो. मग हात घाला. ही सवय पिल्लू असतानाच लावा, कारण दोन मीटरच्या सापाला ती नव्याने लावणं फार अवघड.

उचलताना बाजूने, शरीराच्या मधल्या एक-तृतीयांश भागाखाली हात. वरून झडप घातल्यासारखं नाही, शिकारी पक्षी तसे येतात. डोकं पकडायचं नाही. दुसरा हात शेपटीच्या बाजूला आधाराला. सापाचं वजन लोंबकळू देऊ नका, पण आवळूनही धरू नका. तो जिकडे सरकेल तिकडे पुढचा हात द्या, तुम्ही फांदी आहात असं समजा. जमिनीवर किंवा पलंगावर बसून सुरुवात करा म्हणजे निसटला तरी उंचावरून पडणार नाही.

पहिल्यांदा पाच मिनिटं पुरे. आठवड्यातून दोन-तीनदा, हळूहळू पंधरा-वीस मिनिटांपर्यंत. साप शांत असतानाच परत ठेवा. त्याने फुत्कार टाकला आणि तुम्ही घाबरून लगेच ठेवलंत, तर फुत्कारलं की सुटका होते एवढंच तो शिकतो. अशा वेळी अर्धा मिनिट स्थिर थांबा, श्वास मंदावला की ठेवा.

बोआला मालकाचा लळा लागतो का? माझं मत: नाही. त्याला सवय होते. तुमचा वास आणि तुमची हालचाल धोक्याची नाही हे त्याला कळतं. एवढी अपेक्षा ठेवली तर निराशा होत नाही.

९. साप मोठा झाल्यावर

दीड मीटरच्या पुढे गेलेल्या बोआला खायला घालताना आणि हाताळताना घरात दुसरा मोठा माणूस हवा. दोन मीटरच्या पुढे तो त्याच खोलीत हवा. साप शांत आहे की नाही याच्याशी याचा संबंध नाही. भुकेच्या तंद्रीतली एक चूक पुरते, आणि विळखा एकट्याने सोडवणं कठीण जातं.

गळ्यात घालू नका. फोटो कितीही छान येवो. मोठा साप तोल सावरायला आवळतो, त्यात राग नसतो, पण मानेतल्या रक्तवाहिन्यांना कारणाशी देणंघेणं नसतं. त्याला खांद्यावरून एका बाजूला घ्या, डोकं आणि पुढचा भाग हातात असू द्या.

लहान मुलांच्या हातात मोठा बोआ एकटा कधीही नाही. सापाच्या अंगावर साल्मोनेला हे जीवाणू असू शकतात, साप ठणठणीत असला तरी. त्यामुळे पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बायका, प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसं यांना जपा. प्रत्येक वेळी साबणाने हात धुवा. सापाची भांडी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नका.

१०. चावला तर

चावे दोन प्रकारचे. घाबरून चावलेला साप फटकन डसतो आणि सोडतो. ओरखड्यासारख्या बारीक जखमा होतात, रक्त मात्र वाटतं त्यापेक्षा जास्त येतं. भुकेने चावलेला साप सोडत नाही, पकडून विळखा घालतो.

दोन्हींत हात मागे खेचू नका. दात आतल्या बाजूला वळलेले असतात, खेचलं की जखम फाटते आणि दात तुटून आत राहतात. पकडून ठेवलं असेल तर थंड पाण्याच्या नळाखाली धरा. न सुटल्यास अल्कोहोल असलेल्या माउथवॉशचे दोन-चार थेंब तोंडाच्या कडेला सोडा, चवीने तो सोडून देतो. विळखा सोडवायचा तो नेहमी शेपटीकडून, डोक्याकडून नाही, कारण शेपटीकडचा जोर कमी असतो.

जखम साबण-पाण्याने नीट धुवा, जंतुनाशक लावा, धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेत घेतलेलं आहे ना ते बघा. चेहऱ्याला किंवा सांध्याला लागलं, सूज वाढत गेली किंवा दात आत राहिल्याची शंका आली तर दवाखाना. विष नाही, त्यामुळे सर्पदंशाच्या लसीचा प्रश्न येत नाही. डॉक्टरांना साप पाळीव बोआ आहे हे आधीच सांगा.

११. डॉक्टरकडे नेण्याची लक्षणं

तोंड उघडं ठेवून श्वास, नाका-तोंडाशी फेस किंवा बुडबुडे, श्वासाला शिट्टीसारखा आवाज: श्वसनाचा संसर्ग. बऱ्याचदा थंडी आणि ओल एकत्र आल्याने होतो, आपोआप बरा होत नाही.

डोकं उगाच वर करून आभाळाकडे बघत राहणं, उताणं केल्यावर सरळ होता न येणं, पुन्हापुन्हा उलट्या: ही आयबीडीची लक्षणं असू शकतात. हा आजार रेप्टअरेनाव्हायरस या गटातल्या विषाणूंमुळे होतो, त्यावर इलाज नाही, आणि बोआ तो लक्षणं न दाखवता दीर्घकाळ वागवू शकतो. म्हणून सुरुवातीला चाचणी आणि वेगळ्या खोलीचा आग्रह धरला.

कात तुकड्यातुकड्यांनी निघाली तर आर्द्रता वाढवा, ओल्या शेवाळाचा डबा ठेवा. शेपटीच्या टोकाला जुनी कात वळ्यासारखी राहिली तर टोक सुकून गळतं, तेवढं आवर्जून तपासा. डोळ्यावरची पापडी राहिली असेल तर नखाने काढायला जाऊ नका, पुढच्या कातीपर्यंत थांबा किंवा डॉक्टरांकडून काढून घ्या.

१२. गावाला जाताना, आणि नको झाला तर

आठ-दहा दिवस बाहेर जायचं असेल, तर बोआ हा सोयीचा प्राणी आहे. निघण्याच्या तोंडावर खायला घालू नका, निदान आठवडाभर आधी घाला, म्हणजे उलटी झालीच तर ती तुमच्यासमोर होईल. शेजाऱ्याला उंदीर वितळवायला शिकवत बसू नका. त्याने दर दोन दिवसांनी पाणी बदलायचं नाही, पेटीच उघडायची नाही. फक्त बाहेरून तापमानाचा आकडा बघून तुम्हाला कळवायचा. पाण्याचं मोठं भांडं भरून ठेवा, जमल्यास दोन. वीज गेल्यास काय करायचं आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरचा नंबर काय, हे कागदावर लिहून पेटीला चिकटवा.

आणि परिस्थिती बदलली, साप ठेवणं जमेनासं झालं, तर बाहेर सोडू नका. अरुबा, कोझुमेल, प्वेर्तो रिको या बेटांवर माणसांमुळे पोचलेले बोआ आज तिथल्या पक्ष्यांना आणि सरड्यांना खात पसरले आहेत. जिथे ते तग धरणार नाहीत तिथे तो साप थंडीने किंवा काठीने मरतो. ज्याच्याकडून घेतला त्याला विचारा, अनुभवी पाळणारा शोधा, किंवा वन्यजीव खात्याला कळवून कागदोपत्री हस्तांतर करा. साप देताना खाण्याच्या नोंदींची वहीही त्याच्याबरोबर द्या.